९८ टक्के, पण कुठल्या पाण्यातले?

पत्र

मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय आहे पिण्याच्या पाण्यातून पीफास (कार्बनच्या साखळीला फ्लोरिन जोडलेली, सहजी न तुटणारी रसायनं) काढून टाकणं. त्यासाठी मी पृष्ठभागावर धन भार आणलेला एक कार्बन तयार केला. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम पीएफओए आणि तेवढंच पीएफओएस (दोन्ही लांब साखळीचे पीफास) टाकून पाहिलं, तर ९८ टक्के निघून गेलं. पेपर पाठवला. रिव्ह्यूअरने विचारलं, ‘खऱ्या पाण्यात, खऱ्या प्रमाणात काय होतं?’ म्हणून एका जलशुद्धीकरण केंद्रात येणारं नदीचं कच्चं पाणी आणलं, प्रत्येक संयुग लिटरला १०० नॅनोग्रॅम टाकलं आणि छोटा कॉलम, म्हणजे कार्बन भरलेली नळी, चालवला. पीएफओएस जेमतेम निम्मं अडलं. पीएफबीए हे आखूड साखळीचं पीफास आधी अडलं आणि नंतर आत जातंय त्यापेक्षा जास्त बाहेर यायला लागलं! त्यात भर म्हणजे ब्लँकमध्येही (पीफास न टाकलेल्या, तपासणीच्या नमुन्यात) पीएफओए दिसतंय.

सर म्हणतात, हे दाखवायची गरज नाही, पहिलाच डेटा दुसऱ्या जर्नलला पाठव आणि थिसिस लिहायला घे. मला ते पटत नाही, पण त्यांना दुखवायचंही नाही. मैत्रीण म्हणते, अ‍ॅडसॉर्प्शनमध्ये म्हणजे पृष्ठभागाला चिकटवून पकडण्यात आता काही उरलेलं नाही, सगळे पीफास नष्ट करण्याकडे वळलेत, तूही विषय बदल. कधी कधी वाटतं, सोडूनच द्यावं. काय करू?

— तिसऱ्या वर्षात अडकलेली

उत्तर

सोडू नका, विषय बदलू नका आणि नदीच्या पाण्याचा डेटा कपाटात ठेवू नका. तुम्ही ज्याला अपयश म्हणताय त्याच्यातच तुमचा थिसिस आहे, असं मला पत्र वाचताना वाटत होतं. पण ते म्हणण्याआधी ब्लँकबद्दल बोलावं लागेल. ब्लँक स्वच्छ होईपर्यंत तुमच्याकडे ना यश आहे, ना अपयश.

पीफास मोजणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होतो, कारण आपण जे शोधतोय त्याच कुळातल्या वस्तू प्रयोगशाळेत जागोजागी असतात. एलसीच्या (नमुन्यातली संयुगं वेगळी करणाऱ्या मशीनच्या) आतल्या टेफ्लॉनच्या नळ्या, बाटल्यांच्या झाकणांतली टेफ्लॉनची चकती, काही सीलं, कधी कधी खुद्द मिथेनॉल. मशीनमधून येणारं पीएफओए ओळखायचा जुना, चांगला उपाय म्हणजे पंप आणि इंजेक्टर यांच्यामध्ये एक डिले कॉलम बसवणं. मग मशीनचं स्वतःचं पीएफओए थोडं उशिरा बाहेर पडतं आणि आलेखातल्या तुमच्या नमुन्याच्या शिखरापासून वेगळं दिसतं. तुमच्या मशीनला तो नसेल तर उद्याच विचारा. त्यानंतर ब्लँक पायरीपायरीने करा: नुसतं सॉल्व्हंट, मग सॉल्व्हंट बाटलीतून, मग शुद्ध पाणी सगळ्या एक्स्ट्रॅक्शनमधून, आणि शेवटी शुद्ध पाणी तुमच्या कॉलमच्या रिकाम्या नळीतून. कुठल्या पायरीवर आकडा उडी मारतो ते पाहिलं की चोर सापडतो. कॉलमला टेफ्लॉनची नळी जोडलेली असण्याची शक्यता मला फार वाटते. बहुतेक जण तीच वापरतात, कारण एरवी ती सगळ्यांत निर्धोक समजली जाते.

उलट बाजूही तपासा. पीफास हरवतंही. बाटलीच्या भिंतीला चिकटतं, सिरिंज फिल्टरमध्ये अडकतं, आणि आपण समजतो आपल्या कार्बनने पकडलं. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या वापरा, पाणी ओतून घेतल्यावर बाटली मिथेनॉलने विसळा आणि ते विसळणंही नमुन्यात धरा. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या ५३३ आणि ५३७.१ या पद्धतींत हे विसळणं सांगितलेलं आहे. शक्य तिथे गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज करा. प्रत्येक प्रयोगाबरोबर एक बाटली कार्बनशिवाय ठेवा. पहिल्या ९८ टक्क्यांच्या वेळी ती ठेवली होती का, हे पत्रात नाही. ठेवली नसेल तर तो आकडाही पुन्हा काढावा लागेल. आणि पीएफओएस मोजताना सरळ साखळीचं तेवढंच शिखर धरू नका. जुन्या विद्युत-रासायनिक पद्धतीने बनलेल्या पीएफओएसमध्ये साधारण तीस टक्के रेणू फांद्या असलेले असतात आणि ते थोडे आधी बाहेर येतात. तुलनेसाठी विकत घेतलेलं तुमचं स्टँडर्ड निव्वळ सरळ साखळीचं आणि स्पाइक, म्हणजे तुम्ही पाण्यात टाकलेलं, मिश्रणाचं असेल, तर तुम्ही अडलेलं पीएफओएस नकळत फुगवून किंवा घटवून सांगाल. कार्बन-१३ लावलेलं इंटर्नल स्टँडर्ड (नमुन्यात मुद्दाम मिसळलेला, वजनाने वेगळा ओळखू येणारा तोच रेणू) वापरता ना? नदीच्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरचा सिग्नल दाबतात, त्यावर हाच सगळ्यांत भरवशाचा इलाज.

हे सगळं झाल्यावरही नदीच्या पाण्यातले आकडे तसेच राहतील, असा माझा अंदाज आहे. थोडे इकडे तिकडे होतील, चित्र बदलणार नाही. का ते सांगतो.

१ मिलिग्रॅममधून ९८ टक्के गेलं म्हणजे उरलं २ टक्के. ते किती? लिटरला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०,००० नॅनोग्रॅम. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएसाठी आणि पीएफओएससाठी ठरवलेली मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम आहे. तुमचं ‘शुद्ध’ पाणी त्या मर्यादेच्या ५,००० पट आहे. या क्षेत्रातले कितीतरी पेपर असे आहेत, आणि टक्केवारीच्या आड हे सहज लपून जातं. या विषयात टक्के सांगणाऱ्याकडे मी जरा संशयानेच पाहतो. आत किती गेलं, बाहेर किती आलं आणि तोपर्यंत किती पाणी वाहून गेलं, हे तीन आकडे द्यावेत.

जास्त प्रमाणावर काढलेले निकाल कमी प्रमाणाला लावता येत नाहीत, याला नुसत्या गणितापलीकडचं कारण आहे. लिटरला मिलिग्रॅम एवढं पीफास असलं की कार्बनच्या पृष्ठभागावर हे रेणू शेपट्या एकमेकींना लावून थर करायला लागतात. पहिला रेणू पृष्ठभागाला चिकटतो, दुसरा पहिल्याला. त्यामुळे क्षमता भरमसाट दिसते. नॅनोग्रॅमच्या पातळीवर रेणू इतके विरळ असतात की त्यांना एकमेकांची सोबतच मिळत नाही. आणि ज्या पाण्यात ते विरळ आहेत त्याच पाण्यात नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ लिटरला काही मिलिग्रॅम असतात, म्हणजे पीफासच्या हजारो ते लाखो पट. ते जागा अडवतात, छोट्या छिद्रांची तोंडं बुजवतात. तुमच्या कार्बनवर धन भार आहे, म्हणून सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड हे सगळे ऋण आयनही तिथेच गर्दी करतात. डिस्टिल्ड पाण्यात यातलं काहीच नव्हतं. तुमचा कार्बन तिथे एकटाच स्पर्धेत होता आणि पहिला आला.

आता पीएफबीएकडे येऊ. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत आवडलेलं वाक्य तेच, उद्गारचिन्हासकट. आत जातंय त्यापेक्षा जास्त बाहेर येणं ही मोजणीतली चूक असेलच असं नाही. (ब्लँकमध्ये पीएफओए आहे, पीएफबीए नाही, हे लक्षात घ्या.) पीएफबीएमध्ये कार्बनचे चारच अणू. शेपटी आखूड, पाण्यात राहायला आवडणारा रेणू, त्यामुळे पृष्ठभागाला त्याची पकड कच्ची. सुरुवातीला जागा मोकळ्या असतात तेव्हा तो बसतो. मागून लांब साखळीचे रेणू आणि सेंद्रिय पदार्थ येत राहतात, ते त्याला उठवतात, आणि आधी साठलेलं पीएफबीए आत येणाऱ्या पीएफबीएमध्ये मिसळून एकदम बाहेर पडतं. खऱ्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या कार्बनच्या थरांमध्येही हे दिसलेलं आहे. फक्त लांब साखळीच्या पीफासवर लक्ष ठेवून कार्बन बदलायची तारीख ठरवली, तर मधल्या काळात आखूड साखळीचं पीफास लोकांच्या नळाला आधीपेक्षा जास्त जाऊ शकतं. डिस्टिल्ड पाण्यातल्या आयसोथर्ममधून (किती प्रमाणाला किती चिकटतं याच्या आलेखातून) हे कधीच कळलं नसतं.

म्हणून कॉलमचा प्रयोग पुढे न्या, आणि आता तो नीट आखून करा. आलेख वेळेवर काढू नका, बेड व्हॉल्यूमवर (थराच्या आकारमानाच्या किती पट पाणी वाहून गेलं त्यावर) काढा. सगळी संयुगं पूर्ण बाहेर पडेपर्यंत चालवा, पीएफओएस उशिरा येतं म्हणून कंटाळून बंद करू नका. पीएफबीए, पीएफबीएस, पीएफएचएक्सए, पीएफओए, पीएफओएस आणि जमलं तर जेनएक्स हे नव्या पिढीचं, ईथरवाल्या साखळीचं पीफास, एवढी तरी यादी असावी. प्रत्येक नमुन्याबरोबर विरघळलेला सेंद्रिय कार्बन आणि २५४ नॅनोमीटरला यूव्ही शोषण मोजा. सेंद्रिय पदार्थ कधी पार होतात आणि पीएफबीए कधी उसळतं, हे एकाच आलेखावर आलं पाहिजे.

दुसरं पाणीही घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं, ज्यात सेंद्रिय पदार्थ कमी आणि क्षार जास्त आहेत असं. मग तुमच्या कार्बनला सेंद्रिय पदार्थ जास्त छळतात की सल्फेट, हे सुटं करता येईल.

आणि ज्याने पेपर खरोखर वजनदार होतो ते म्हणजे तुलना. बाजारात मिळणारा दाणेदार सक्रिय कार्बन आणि एक अ‍ॅनायन एक्स्चेंज रेझिन (ऋण आयन पकडणारे प्लास्टिकचे मणी) त्याच पाण्यात, त्याच वेळी, शेजारी चालवा. बहुतेक लेखक आपल्या नव्या पदार्थाची तुलना दुसऱ्या कुणाच्या तरी पेपरमधल्या, दुसऱ्या कुठल्या तरी पाण्यातल्या आकड्याशी करतात. तुमचा कार्बन रेझिनपुढे हरला तरी चालेल. कुठे हरला आणि का, हे सांगता आलं पाहिजे. मात्र संपर्ककाळ ज्याचा त्याला द्या. दाणेदार कार्बनला साधारण १० ते २० मिनिटं लागतात, रेझिनला २ ते ३ मिनिटंही पुरतात. दोघांना सारखाच वेळ दिला तर एकावर अन्याय होतो. दाणा बारीक करून जलद लघु-कॉलम चाचणी करत असाल, तर सेंद्रिय पदार्थांमुळे थर कसा खराब होत जातो हे ती चाचणी पूर्ण दाखवत नाही, आणि खरा थर तिच्या अंदाजाआधी दमू शकतो. हे मर्यादांमध्ये स्वतःहून लिहा, रिव्ह्यूअरने लिहायची वाट पाहू नका.

अ‍ॅडसॉर्प्शनमध्ये काही उरलेलं नाही, हे तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला मान्य नाही. डिस्टिल्ड पाण्यातल्या अ‍ॅडसॉर्प्शनमध्ये काही उरलेलं नाही, एवढं मान्य. बाकी प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने उभा राहतोय. टेफ्लॉन १९३८ सालचं. पीएफओएसवर स्टॉकहोम करारात २००९ मध्ये निर्बंध आले, पीएफओएवर २०१९ मध्ये, पीएफएचएक्सएसवर २०२२ मध्ये. दरम्यान उद्योगांनी लांब साखळ्या सोडून आखूड आणि ईथरवाल्या साखळ्या धरल्या. त्याचं काय झालं, हे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या केप फिअर नदीवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. नदीच्या पाण्यात जेनएक्स सरासरी लिटरला ६३१ नॅनोग्रॅम होतं. केंद्रात तुरटीसारख्या रसायनांनी गाळ बसवणं, ओझोन, जैविक कार्बन गाळणी, यूव्ही, क्लोरिन असं सगळं होतं, तरी त्यातून ते जवळजवळ जसंच्या तसं पार झालं. पुढे तिथे २०२२ मध्ये खास दाणेदार कार्बनचे खोल थर उभे राहिले. म्हणजे पाणीपुरवठा करणाऱ्यांनी शेवटी भरवसा ठेवला तो अ‍ॅडसॉर्प्शनवरच. मर्यादाही स्थिर नाहीत. अमेरिकेत २०१६ चा सल्ला दोन संयुगं मिळून लिटरला ७० नॅनोग्रॅमचा होता, २०२४ मध्ये त्याच दोघांना प्रत्येकी ४. युरोपीय संघाने २० पीफासची बेरीज १०० नॅनोग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे, आणि त्या वीस जणांत तुमचं पीएफबीए आहे. बेरजेची मर्यादा आली की आखूड साखळ्यांकडे काणाडोळा करता येत नाही.

नष्ट करण्याच्या पद्धतींकडे वळायचा मोह मी समजू शकतो. कार्बन-फ्लोरिन बंध तोडला, हे ऐकायलाच भारी वाटतं. पण जरा आत शिरून पाहा. पीफास तोडणाऱ्या सुपरक्रिटिकल पाण्याला ३७४ अंश सेल्सियसच्या वर तापमान आणि २२१ बारच्या वर दाब लागतो. शहराचं अख्खं पाणी कुणी तिथवर नेणार नाही. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या इलेक्ट्रोडवर पीफास तुटतं, पण पाण्यात क्लोराइड असेल तर परक्लोरेट तयार होतं, आणि पिण्याच्या पाण्यात तेही नको असतं. २०२२ मध्ये गाजलेल्या सौम्य तापमानाच्या पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि डीएमएसओ हे सॉल्व्हंट वापरून ८० ते १२० अंशांना पीफास तोडलं होतं. पण ते चाललं कार्बॉक्झिलिक आम्लगटाच्या पीफासवर, पीएफओएससारख्या सल्फोनेटवर नाही. या सगळ्यांना आधी पीफास थोडक्या जागेत गोळा केलेलं हवं असतं, आणि ते गोळा करायचं काम अ‍ॅडसॉर्बंटचं, रेझिनचं नाहीतर मेम्ब्रेनचं. तेव्हा विषय बदलण्याऐवजी शेवटी एक प्रकरण वाढवा: भरलेल्या कार्बनमधून पीफास परत काढता येतं का, कशाने, किती, आणि तोच कार्बन पुन्हा वापरला तर पीएफबीए किती लवकर पार होतं. धन भाराच्या पृष्ठभागावरून मीठ आणि मिथेनॉलच्या मिश्रणाने ते सुटायला हवं. त्या प्रकरणात फ्लोरिनचा हिशेब जुळवा. जितकं चढलं तितकं उतरलं का, आणि नसेल तर उरलेलं कुठे आहे. पीफासच्या पेपरांमध्ये ‘गायब झालं’ या शब्दांइतका फसवा शब्द नाही. मूळ रेणू दिसेनासा झाला म्हणजे फ्लोराइड सुटलं असं होत नाही, बऱ्याचदा एक कार्बन कमी असलेला धाकटा भाऊ तयार झालेला असतो.

आता सर. त्यांची बाजू मी तुमच्या पत्रावरूनच पाहतोय, तेव्हा बेताने बोलतो. गाइडला बहुधा मुदत दिसत असते, फेलोशिप कधी संपते ते दिसत असतं, आणि हाताशी असलेला पेपर आधी छापून घ्यावा असं वाटतं. त्यात लबाडी असेलच असं नाही. ‘मला हे पटत नाही’ असं म्हणत जाऊ नका. दोन आलेख घेऊन जा, एक स्वच्छ केलेल्या ब्लँकचा आणि एक पीएफबीए उसळल्याचा. सोबत प्रकरणांचा एका पानाचा आराखडा: पहिल्यात पदार्थ आणि डिस्टिल्ड पाण्यातली यंत्रणा, दुसऱ्यात खऱ्या पाण्यातला कॉलम, तिसऱ्यात तुलना, चौथ्यात पुनर्वापर. त्यांचा जुना डेटा फुकट जात नाही, त्याला पहिल्या प्रकरणात मानाची जागा आहे, हे त्यांना कागदावर दिसू द्या. ‘सर, रिव्ह्यूअरने विचारलं त्याचं उत्तर आपल्याकडे आहे आणि ते त्यांनी अपेक्षिलं त्यापेक्षा रंजक आहे’ असं म्हणा. खरंच आहे.

तरीही ते नाही म्हणाले तर? एका गोष्टीवर मागे हटू नका. नदीच्या पाण्यातला निकाल माहीत असताना ‘हा पदार्थ पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी उपयुक्त आहे’ असं वाक्य तुमच्या नावाने जाता कामा नये. डिस्टिल्ड पाण्यातला डेटा ‘डिस्टिल्ड पाण्यात, या प्रमाणाला’ असं स्पष्ट म्हणून छापणं वेगळं. ते कमी मोलाचं आहे, पण खोटं नाही. दुसऱ्या जर्नलला पाठवताना शीर्षकातून आणि निष्कर्षातून ‘पिण्याचं पाणी’ काढून टाकायला सर तयार झाले, तर मधला मार्ग निघाला असं समजा. तयार झाले नाहीत, तर सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत कॉलमचा निकाल प्रगती अहवालात लिहून मांडा. अहवालात आलेली गोष्ट नोंदीत जाते आणि समितीतलं कुणीतरी प्रश्न विचारतंच. सरांना ते आधी सांगा, म्हणजे बैठकीत त्यांना धक्का बसणार नाही.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. पेपर अजून पहिल्या जर्नलकडे आहे की नाकारला गेलाय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रिव्ह्यूअरने प्रश्न विचारून दुरुस्तीसाठी परत पाठवला असेल, तर दुसरं जर्नल शोधायची घाई कशाला? संपादकांना दोन ओळींचा मेल लिहा: खऱ्या पाण्यातले कॉलम प्रयोग चालू आहेत, ब्लँक तपासून निकाल जोडायचे आहेत, म्हणून मुदत वाढवून हवी. नेमका किती वेळ लागेल ते लिहा, आणि त्यात डिले कॉलम मागवून बसवायचे दिवस धरायला विसरू नका.